कपाखालच्या गोधड्या

पाऊस सरला की जुईनगरला काही दिवस नुसता गवताचा वास असतो. रेल्वेच्या पलीकडे मोकळ्या जागा आता फार उरलेल्या नाहीत. पण जिथे उरल्यात तिथलं कमरेएवढं गवत पिवळं पडायला लागतं, खाडीकडून येणारं वारं एकाएकी थांबतं आणि भर दुपारी भिंतींनाही घाम फुटेल असं ऊन पडतं. लोक त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि पंखा पाचावर करतात. मला मात्र त्या उन्हात दरवर्षी लोकरीचा वास येतो.

घरात हे बोलले की सगळे हसतात. नव्या मुंबईचा आणि लोकरीचा संबंध काय? खरं आहे त्यांचं. इथे थंडी येते ती सकाळी दूध आणायला जाण्यापुरती, आणि स्वेटर कपाटातून निघतो तो साताऱ्याला गावी जायचं असलं तरच. पण नव्वदच्या दशकातल्या ज्या वर्षी सुरतेत प्लेग आला, त्या वर्षी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत माझ्या घरात जिकडेतिकडे लोकरीची कातरण होती. चटईवर, माझ्या पदराला, एकदा तर भाताच्या पातेल्यावरच्या झाकणावर. घाम पुसावा आणि कपाळाला करडा धागा चिकटावा, असे ते दिवस.

आमची इमारत तेव्हा नवीकोरी होती. जिन्याला रंगाचा वास होता. माणसंही एकमेकांना नवीनच होती. कुणी साताऱ्याकडचं, कुणी कोकणातलं, कुणी मराठवाड्यातलं. कोण कसं आहे याचा अंदाज घेत, दार अर्धं उघडं ठेवून आम्ही शेजारधर्म पाळत होतो. त्यात सुरतेची बातमी आली आणि ती अर्धी दारंही लागली. केमिस्टकडे प्लेगवरच्या कॅप्सूल मिळेनात. रस्त्यानं लोक नाकाला रुमाल बांधून चालायला लागले. कुणी कापराच्या पुड्या गळ्यात घातल्या. नळावर दोघी बोलत असल्या आणि तिसरी नुसती खाकरली, तरी दोघींच्या कळश्या अर्ध्याच भरून उचलल्या जायच्या.

अशा दिवसांत एका सकाळी दारात आक्का उभ्या राहिल्या. आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. लग्न होऊन सुरतेला गेल्या त्याला पंधराएक वर्षं झाली असतील. मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो, सुटाच्या कापडाच्या एका एजन्सीत होते. गावोगावच्या शिंप्यांना नि दुकानदारांना नमुने दाखवायचे आणि ऑर्डरी आणायच्या, हे त्यांचं काम.

आक्का उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात गाठोडं. म्हणाल्या, आधी पाणी तापव, मी बाथरूममध्ये जाते, हे लुगडं तिथंच भिजत घालते, मग आत येते. भिवंडीपर्यंत ट्रकनं आणि पुढं एसटीनं आल्या होत्या. चेहरा असा सुकलेला की मी काही विचारलंच नाही. ह्यांनी मात्र विचारलं, दाजी कुठं आहेत. आक्का म्हणाल्या, त्यांचं काम होतं, राहिलेत. आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं, की दुसऱ्या मजल्यावर सुरतेहून पळून आलेली बाई आहे.

सोसायटीचे सेक्रेटरी शिर्के संध्याकाळी आले. त्यांचा मार्केटमध्ये कांद्याचा गाळा होता, माणूस तसा बरा. ते जिन्याच्या पायरीवरूनच बोलले. आपल्याला काही नाही, पण लोकांना टेन्शन आहे, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. आक्का दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन आल्या. डॉक्टरांनी छाती तपासली, काखा तपासल्या, बाई ठणठणीत आहेत म्हणून लिहून दिलं. शिर्क्यांनी तो कागद बोटांच्या चिमटीत धरून वाचला आणि परत दिला. त्यानंतर त्यांच्या घरची पोरं आमच्या मजल्यावरून जाताना पळत जायला लागली.

त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीमागे मेलेला उंदीर सापडला. खालच्या किराणावाल्यानं औषध टाकलं होतं, त्यानं तसं शपथेवर सांगितलंही. पण दिवसभर लोक गॅलरीत उभे राहून आधी त्या टाकीकडे बघायचे आणि मग आमच्या खिडकीकडे.

मी आमच्या घरातलंही सांगते. इमारतीला आक्कांच्या अंगातल्या रोगाचा संशय होता. आम्हा दोघांना त्यांच्या गप्प राहण्याचा. गाठोड्यात नुसतं अंथरूण निघालं, आणि ट्रंक त्या उघडत नव्हत्या. अंगावरचं लुगडं सोडून नेसायला काही नाही. माझ्याच दोन साड्या त्या आलटून पालटून नेसत होत्या. मग ट्रंकेत होतं काय? दारावर थाप पडली की त्यांचा हात थांबायचा. ह्यांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून दाजींच्या एजन्सीला फोन लावून पाहिला, नुसती घंटी वाजत राहिली. घरी येऊन सांगितलं तर आक्का म्हणाल्या, बंदच असंल, सगळी सुरत बंद हाय. आणि भाजी निवडायला लागल्या. नवऱ्याची खबर लागत नाही म्हणून कासावीस झालेली बाई अशी मेथी निवडत बसेल का?

ह्यांना वाटायला लागलं की दाजी गेले. प्लेगमध्येच गेले, आणि आक्का ते लपवतायत; कारण सांगितलं तर त्यांना कुणी घरात ठेवणार नाही. ते हे माझ्या कानाशी लागून बोलले आणि आम्ही दोघंही आक्कांच्या कपाळाकडे बघायला लागलो. कुंकू रोज ठसठशीत होतं. मंगळसूत्र होतं. पण त्यानं उलट भीतीच वाटायची. रोज सकाळी आरशासमोर त्या कुंकू लावताना मी आतून बघायचे, हात थरथरतो का. थरथरायचा नाही.

नवरात्र बसलं त्या दुपारी त्यांनी ट्रंक उघडली. मी कणीक भिजवत होते, तशीच हात भरलेली बाहेर आले. ट्रंक काठोकाठ सुटाच्या कापडाच्या नमुन्यांनी भरलेली होती. तळहातापेक्षा थोडे मोठे चौकोन, सगळे लोकरीचे. राखी, काळे, विटकरी, शाईसारखे निळे. काहींत बारीक रेघ, काहींत चौकडी. कडा दातेरी कापलेल्या, एका अंगाला छिद्रं, आणि प्रत्येकावर नंबराची इवलीशी चिठ्ठी डकवलेली. त्या बंद खोलीत, त्या उकाड्यात, ट्रंकेतून डांबराच्या गोळ्यांचा आणि लोकरीचा असा वास उठला की मला शिंक आली. आक्कांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, कापडाची आली, आक्का. तशा त्या ओठांतल्या ओठांत हसल्या.

दिवाळीला इमारतीत सगळ्यांना काहीतरी द्यायचं, म्हणाल्या. मी म्हटलं, फराळ देऊ की, दरवर्षी देतेच. त्या म्हणाल्या, "फराळ घेतील गं. पर माझा हात लागलेला खाणार न्हाईत, आन् मला ते टाकलेलं दिसंल. हे धुता तरी येतंय."

मी कणकेचे हात धुऊन आले. आक्का चिठ्ठ्या ओल्या बोटानं काढायला बसल्या.

मग पुढचे सगळे दिवस हेच. वर लोकरीचा चौकोन, खाली लोकरीचा चौकोन, मध्ये माझ्या फाटक्या चादरीचे दोन पदर. दातेरी कड नि छिद्रांची पट्टी कात्रीनं उतरवायची, राहिलेल्या कडा आत दुमडून घ्यायच्या आणि गावाकडे वाकळ शिवतात तसा जाड दोऱ्याचा धावदोरा कडेपासून मधल्या ठिपक्यापर्यंत, चौकोनात चौकोन. लोकर जाड, सुई अडायची. आक्का बोटाला चिंधी गुंडाळून सुई रेटायच्या. चार दिवसांनी मीही बसले. शिवताना माझं तोंड सुरू असायचं, त्यांचं नाही. माझ्याच मनात मात्र एक सुई टोचत राहायची. हे नमुने एजन्सीचे. ह्या तुकड्यांवरच दाजींची भाकरी. दाजी जिवंत असतील तर ते परत आल्यावर काय दाखवतील गिऱ्हाइकांना? आणि ही बाई तर प्रत्येक तुकडा बिनदिक्कत कापतेय. म्हणजे ते येणार नाहीत हे हिला माहीत आहे. आमचा अंदाज खरा असला पाहिजे.

एकदा धीर करून विचारलं, हे दाजींना लागतील ना? त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, लागतील की. बास. दुसरा चौकोन उचलला.

ह्या वस्तूला म्हणायचं काय, हाही प्रश्नच होता. ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या घरी बघितलेलं आठवून हे म्हणाले, ह्याला कोस्टर म्हणतात, कपाखाली ठेवतात. आक्कांना तो शब्द जमेना. त्या आपल्या "कपाची गोधडी"च म्हणायच्या. एवढ्या उकाड्यात कपांना गोधड्या पांघरायला निघालेलं आमचं एकच घर असेल.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही वाटायला निघालो. म्हणजे मी पुढे, आक्का मागे दोन पायऱ्या सोडून. सहा-सहाचा जुडगा, त्याला लाल दोरा. कुणी नको म्हणालं नाही. दिवाळीची भेट, तीही दारात आलेली, नको म्हणणार कशी? पण ती घेण्याच्याही तऱ्हा होत्या. कुणी म्हणालं, ठेवा तिथंच, स्टुलावर. शिर्केवहिनींनी पदरात घेतलं, हात लावला नाही. एकीनं हसत हसत विचारलं, कापड सुरतेचंच का हो? आक्का म्हणाल्या, हो, सुरतेचंच. खोटं बोलायला हवं होतं, असं मला वाटून गेलं. आमच्या समोरच्या कांबळेवहिनींनी तेवढं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. त्या कोकणातल्या, बोलणं रोखठोक. म्हणाल्या, "मस्त झालंय हो. पन मी खोटं नाय बोलनार, घरात पोरं हायत, मी हे आधी उकळनार." आक्का लगेच म्हणाल्या, उकळाच. मीठ घाला पाण्यात, रंग उतरायचा न्हाई.

कांबळेवहिनी जे बोलल्या ते बाकीच्यांनी न बोलता केलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी गॅलरीत आले आणि बघत राहिले. चारी मजल्यांच्या दोऱ्यांवर चिमट्यांना लटकून आमच्या गोधड्या वाळत होत्या. राखी, विटकरी, निळ्या. काहींतून अजून पाणी ठिबकत होतं. कुठे कंदील, कुठे पणत्यांची तयारी, आणि मध्येच ह्या उकडलेल्या सुटांच्या रांगा. मी आक्कांना हाक मारली. त्या आल्या, कठड्याला टेकल्या, एकेक मजला बघत गेल्या, आणि हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, लोकर उकळली की आकसून घट्ट होती, आता चहा सांडला तरी खाली जायचा न्हाई, बरंच केलं बायांनी.

त्या हसण्यामुळे मला वाटलं, आता ही सांगेल. पण सांगायला दुसरंच कुणीतरी आलं.

पाडव्याच्या सकाळी दाजी दारात उभे राहिले. दाढी केलेली, इस्त्रीचा सफारी, हातात मिठाईचा बॉक्स. मी दार उघडलं आणि त्यांचे पाय बघितले, खरंच आहेत का म्हणून. ह्यांना तर भडभडून आलं, त्यांनी दाजींना मिठी मारली. एक माणूस मेलेला धरून आम्ही किती दिवस घरात वावरत होतो आणि ते असं गुळगुळीत दाढी करून समोर! पाडवा होताच. मी आनंदानं आत पळाले, औक्षणाचं ताम्हण काढलं, निरांजन लावलं आणि आक्कांपुढे धरलं. आक्कांनी ते घेतलं नाही. निरांजनाची वात बोटांनी सारखी केली आणि म्हणाल्या, चहा ठेव.

बाहेर दाजी प्रवासाचं, गर्दीचं, सुरतेतल्या हालांचं सांगत होते. मग त्यांनी विचारलं, ट्रंक आणली आहे ना हिनं? थंडीच्या सुटांच्या ऑर्डरी आत्ताच मिळतात, एजन्सी उघडलीय, नमुने नसले तर हंगाम गेला. बायको कशी आहे हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही, मागून आलं.

आक्का चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी टेबलावर विटकरी चौकडीची गोधडी ठेवली, तिच्यावर कप. दाजींनी कप उचलला, घोट घेतला, आणि परत ठेवताना त्यांची नजर खाली गेली. त्यांनी गोधडी उचलून अंगठ्यानं चोळली. कापड ओळखायचीच त्यांची सवय. एका क्षणात चेहरा उतरला. सगळे? असं त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, सगळे.

ह्यांना काहीतरी उमगलं असावं, कारण आवाज चढवायची ह्यांची सवय नाही, तरी तेव्हा चढला. आक्काला एकटीला सोडून तुम्ही होता कुठं, असं ह्यांनी सरळ विचारलं. दाजींनी सांगितलं, की पळापळ सुरू झाली त्या दिवशी ते स्टेशनवर तिकिटं काढायला गेले होते. गर्दीत अडकले. चाळीत परत आले तर शेजारचे रमणकाका दारात भेटले, म्हणाले, तुमची बायको तर मघाशीच निघून गेली. मग ते तरी काय करणार होते? भावाकडे गेले.

आक्का स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या होत्या.

"रमणकाकांनी सांगितलं?"

"हो. दारातच होते."

"रमणकाकांच्या पोराच्या ट्रकमधनंच मी आले, रमणकाका बी माझ्या शेजारीच बसले हुते," आक्का म्हणाल्या. "चाळीत शेवटी आमीच उरलो हुतो. तुमी येताय का बघत तेनी गाडी थांबवून धरली, अंधार पडूस्तोवर."

खाली कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली. दाजींनी कप उचलला, न पिता ठेवला, तोही टेबलावर, गोधडीवर नाही.

त्यानंतर ते जे वागले त्याचं मला अजून नवल वाटतं. ते उठले आणि जिन्यात गेले. जेवढे मिळतील तेवढे तुकडे गोळा करायला, दारोदार. समोर कांबळेवहिनींनी त्यांना ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमी ते उकळले, आता ते दाखवून तुमाला कुणी सूट शिवायला देनार नाय. शिर्केवहिनींनी दार उघडलं, ते साखळी लावूनच. कसल्या गोधड्या, म्हणाल्या, आम्हाला नाही माहीत. त्याच वेळी त्यांच्या मागे टीपॉयवर कप होता आणि कपाखाली निळा चौकोन. मी पायरीवरून स्पष्ट बघितला. इतके दिवस आमच्याकडे तिरप्या नजरेनं बघणाऱ्या त्या इमारतीनं त्या सकाळी एकही तुकडा परत दिला नाही.

दाजी वर आले. चपला घालता घालता आक्कांना म्हणाले, चल, घर उघडायला पाहिजे. आक्का म्हणाल्या, "तुमी जावा." एवढंच. ते थोडा वेळ थांबले आणि गेले. मिठाईचा बॉक्स विसरले.

त्या दुपारी मी आक्कांना विचारलं, की आम्हाला आधीच का नाही सांगितलंत? त्यांनी दाजींचा कप विसळून पालथा घातला. मग म्हणाल्या, त्यांची भाकरी म्हणून साड्या टाकून ट्रंक उचलली होती; पहिले काही दिवस वाटायचं, येतील, काहीतरी कारण सांगतील, मग मला कुणाला काही सांगायलाच नको. "वाट बघून झाली तवा कात्री घेतली."

पुढं त्यांनी रबाळ्याच्या एका कारखान्यात कामगारांचे जाड हातमोजे शिवायचं काम धरलं आणि ते बरीच वर्षं केलं. नंतर सानपाड्याला स्वतःची खोली घेतली. दाजींची पत्रं आली, माणसं मध्यस्थीला आली, एकदा ते स्वतःही येऊन गेले. आक्कांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि निरोप दिला. शेवटची काही वर्षं त्या गुडघ्यांनी बेजार होत्या; पण कुणाच्या दयेवर आहोत असं त्यांनी कधी वाटू दिलं नाही. त्या गेल्या तेव्हा रबाळ्याच्या बायका माझ्यापेक्षा जास्त रडल्या.

पण तो उन्हाचा हंगाम आठवला की माझं मन येऊन थांबतं ते पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. भाऊबीज होती. ह्यांना पाटावर बसवलं, आक्कांनी ओवाळलं. ह्यांनी खिशातून पाकीट काढलं तर आक्कांनी त्यांचा हात मागं सारला. ओवाळणी नको, म्हणाल्या. काम मिळेपर्यंत हितं राहू द्या.

हे बोलताना त्या भावाकडे बघत नव्हत्या. ताम्हणातला दिवा हलू नये म्हणून ते तसंच दोन्ही हातांत धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या दोन खोल्यांत कोण राहणार आणि किती दिवस, हे शेवटी मी ठरवणार हे त्यांना ठाऊक होतं. मी हो म्हणाले तर ते तोंडदेखलं तर नाही ना, हे माझ्या चेहऱ्यावर त्या शोधत होत्या. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

शब्दांवर त्यांचा विश्वास बसला नसता. मी आत गेले, लोखंडी कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला, माझ्या ज्या दोन साड्या त्या नेसत होत्या त्या घडी करून त्यात ठेवल्या, आणि कपाटाचं दार उघडंच ठेवलं, बाहेरून दिसेल असं.